वेगळा केलेला कचरा शेवटी एकाच गाडीत गेला तर?

प्रश्न : भिवंडीजवळ शेलारला आमची साठेक घरांची सोसायटी आहे. मी घरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवते. शेजारच्या काकू म्हणतात, "गाडीत सगळं एकत्रच होणार, मग दोन बादल्या कशाला?" गाडीला एकच कप्पा असेल तर घरी वेगळं करण्याला अर्थ उरतो का? आणि शेलारला ग्रामपंचायत आहे. शहरांचे कचऱ्याचे नियम आम्हाला लागू होतात का?
– एक वाचक, शेलार (ता. भिवंडी)

उत्तर : काकूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घरात नीट वेगळ्या केलेल्या दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात रिकाम्या झाल्या, तर डम्पिंगवर पोहोचेपर्यंत सगळ्याचा लगदा होतो. वरणभाताचं पाणी वर्तमानपत्रात मुरतं, कागद सडतो, प्लास्टिक तेलकट होतं. मग ते कुणी विकत घेत नाही. पण म्हणून एकच बादली करायची, हे मला पटत नाही. मी उलट म्हणेन की वेगळा केलेला कचरा गाडीपर्यंत जाऊच देऊ नका. साठ घरांच्या सोसायटीला हे जमण्यासारखं आहे.

आधी अंदाज घेऊ. माणशी दिवसाला 400 ग्रॅम कचरा धरला तर चौघांच्या घरात दीड किलोच्या वर जातो आणि साठ घरांत रोज शंभर किलोच्या आसपास. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. म्हणजे रोज पन्नासेक किलो भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न. उरलेल्या निम्म्यातला बराच भाग कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच आणि धातू. या दोन्ही ढिगांची सोय आवारात लागली, तर गाडीसाठी फारच थोडं उरतं आणि ती एका कप्प्याची की दोन, हा प्रश्न तितका मोठा राहत नाही.

सुक्याचं काम सोपं आहे आणि भिवंडीत तर आणखी सोपं. गोदामांच्या या पट्ट्यात पुठ्ठा आणि पॅकिंगचं प्लास्टिक रोज एवढं निघतं की भंगार आणि रद्दी घेणाऱ्यांची इथे वाण नाही. वर्तमानपत्रं, खोकी, पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, पत्रा, ॲल्युमिनियम हे सगळं विकलं जातं. अट एकच : माल कोरडा आणि स्वच्छ हवा. दुधाची पिशवी चांगल्या प्लास्टिकची असते. ती उलटी करून विसळा आणि वाळवा. कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकता राहू द्या, कारण सुटा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. तो नाल्यातून कामवारी नदीत आणि पुढे खाडीत जातो. सोसायटीत एक कोपरा ठरवून आठवड्यातून एकदा एकाच भंगारवाल्याला बोलवा. आलेले पैसे सफाई कामगाराला द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. रोज हात घालून निवडण्याचं काम तोच करतो.

भंगारवाला वेफर्सची पाकिटं, थर्माकोल, फाटक्या चपला घेत नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून असा माल फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. तो मात्र गाडीतच द्यावा लागेल. आवारात पेटवू नका. प्लास्टिकचा धूर सर्वात आधी तळमजल्यावरच्या घरांत शिरतो.

आता ओला कचरा. इथेच बहुतेक सोसायट्या सुरुवात करून सोडून देतात आणि कारण नेहमी एकच असतं : वास. खतात वास येतो तो हवा कमी आणि पाणी जास्त झाल्यामुळे. हवा मिळाली की जिवाणू अन्न कुजवून त्याचं खत करतात. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात, त्यातून दुर्गंधी येते आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. डम्पिंगच्या डोंगरात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथे आगी लागतात त्याला मिथेनही हातभार लावतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार डम्पिंगला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता.

म्हणून सोसायटीच्या खताचं सूत्र साधं आहे. जाळीचे किंवा भोकं असलेल्या विटांचे तीन-चार हौद करा. तळाशी पाणी झिरपून जायला वाट ठेवा. ओल्या कचऱ्याचा एक थर पडला की त्यावर सुक्या पालापाचोळ्याचा, लाकडाच्या भुशाचा किंवा नारळाच्या काथ्याच्या भुग्याचा थर द्या. सुरुवातीला शेणाचा काला किंवा आंबट ताक शिंपडा. तीन-चार दिवसांनी खालीवर करा. आतून हात पोळेल इतकी ऊब आली तर काम नीट चाललंय असं समजा. वास आला तर आणखी पाला घाला. एक हौद भरला की दुसरा सुरू करा. दीड ते दोन महिन्यांत पहिल्यातलं खत काळं, भुसभुशीत होतं. मासळीचा कचरा आणि हाडं थोडी असतील तर मधोमध खोल पुरा. उघड्यावर राहिली तर उंदीर आणि कुत्री येतील. आणि हौदावर पत्रा हवाच. आपल्याकडचा पाऊस आठवडाभर लागून राहिला की उघड्या हौदाचं डबकं होतं. पाला मात्र उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवावा लागतो, जुलैत सुका पाला कुठून आणणार?

तिसरा ढीग लहान पण महत्त्वाचा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांच्या 'स्वच्छ' संस्थेने हा ठिपका लोकांना शिकवला, म्हणजे उघडून बघायची वेळ कुणावर येत नाही. फुटकी काचही अशीच गुंडाळून, वर लिहून द्या. बॅटरी, ट्यूबलाइट, जुनी औषधं यांचा डबा स्वतंत्र ठेवा.

नियमांचं म्हणाल, तर ग्रामपंचायत आहे म्हणून सुटका नाही. 2016 चे घनकचरा नियम जनगणनेने नगर म्हणून नोंदवलेल्या दाट वस्तीच्या गावांनाही लागू होते. 1 एप्रिल 2026 पासून अमलात आलेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. रोज शंभर किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणारी सोसायटी 'मोठा कचरा निर्माता' ठरते आणि ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवणं ही तिची जबाबदारी होते. वरचा हिशेब पुन्हा बघा. तुमची साठ घरं त्या रेषेवरच उभी आहेत. हजार घरांच्या संकुलांसाठीच हे नियम आहेत, हा समज चुकीचा आहे.

एका कप्प्याच्या गाडीवरही तोडगा आहे, तो म्हणजे वार ठरवणं. ओला रोज आणि सुका ठरलेल्या दिवशीच उचलायचा, म्हणजे तीच गाडी दोन्ही कामं करते. खाडीपलीकडे कल्याण-डोंबिवलीत 2020 पासून वर्गीकरणाचा आग्रह धरला गेला आणि 2021 मध्ये आधारवाडी डम्पिंगवर कचरा टाकणं थांबलं. त्या मोहिमेतले अधिकारी रामदास कोकरे त्याआधी वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी होते. जेमतेम बारा हजार वस्तीच्या त्या गावात सुका कचरा वीसहून अधिक प्रकारांत निवडला जाऊ लागला, ओल्यापासून बायोगॅस निघू लागला आणि डम्पिंगची जागा लोक पाहायला येऊ लागले. वेंगुर्ला काही श्रीमंत शहर नाही. तिथे घराघरांत वर्गीकरण झालं, म्हणून पुढची यंत्रणा चालली.

तेव्हा काकूंना घेऊनच सोसायटीच्या पुढच्या मासिक सभेला जा. सलग सात दिवस सगळ्या घरांचा कचरा वजन करून लिहून ठेवा, असा ठराव मांडा. वजनकाटा रद्दीवाल्याकडून मिळेल. आकडा हातात आला की हौद किती लागतील ते ठरवता येईल. आणि सुका कचरा उचलण्याचा वार ठरवून द्यावा, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीकडे सोसायटीच्या शिक्क्यानिशी करा. आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांच्या सह्या जोडल्या तर जास्त चांगलं.