प्रत्येक मुलाला बोलता यावे

स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन झाल्यावर गावोगावच्या शाळांतून मुलांची भाषणे होतात. बहुधा असे आढळून येते की, ही भाषणे पाच-सहा मुलेच करतात आणि दरवर्षी तीच करतात. भाषण गुरुजींनी लिहून दिलेले असते व मुलाने ते तोंडपाठ केलेले असते. मध्येच एखादा शब्द आठवला नाही तर मूल तेथेच अडते, कारण पुढचे वाक्य त्याचे स्वतःचे नसते. टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि शाळेने मुलांना बोलावयास शिकविले असे सर्वांस वाटते. उरलेली मुले मात्र शाळा सोडीपर्यंत चारचौघांसमोर एकदाही उभी राहिलेली नसतात.

पाठांतर त्याज्य आहे असा याचा अर्थ नाही. पाठांतराने उच्चार स्वच्छ होतात, चांगली वाक्ये कानांत बसतात. परंतु पाठ केलेले म्हणून दाखविणे आणि आपले म्हणणे दुसऱ्यास समजेल असे सांगणे, ही दोन निराळी कौशल्ये आहेत. पहिल्यापासून दुसरे आपोआप उत्पन्न होत नाही. ते वेगळे शिकवावे लागते, आणि शाळेतील प्रत्येक मुलास शिकवावे लागते.

बोलण्याची गरज कोठे पडते?

भाषणाची संधी थोड्यांच्या वाट्याला येते. सांगण्याची गरज मात्र प्रत्येकास रोज पडते. दवाखान्यात गेल्यावर कोठे दुखते, केव्हापासून दुखते, काय खाल्ले होते, हे सांगावे लागते. तलाठी कार्यालयात कोणता उतारा हवा व कशासाठी हवा, हे सांगावे लागते. बँकेत, बाजारसमितीत, एस.टी.च्या चौकशी खिडकीशी, सर्वत्र हीच गोष्ट. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. पण फोन करणाराने नुसते ‘लवकर या’ म्हटल्याने गाडी येऊ शकत नाही. गाव कोणते, तालुका कोणता, काय झाले, किती माणसांस लागले, रस्त्याची ठळक खूण कोणती, एवढे सांगितले तरच ती वेळेवर पोहोचते. घरी वडील माणूस नसताना हा फोन बारा वर्षांच्या मुलासही करावा लागेल.

सार्वजनिक कामातही हीच गरज आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्रात पंचायत राज्य संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कायद्याने बसावयास जागा दिली, हे मोठेच काम झाले. परंतु त्या जागेवर बसून ‘आमच्या वस्तीवर पाणी येत नाही’ हे एक वाक्य उभे राहून बोलण्याचे धैर्य कायदा देऊ शकत नाही. ते लहानपणी वर्गात मिळाले पाहिजे. सभेत मान खाली घालून बसणारी स्त्री ही पुष्कळदा एके काळी वर्गात मागच्या ओळीत गप्प बसलेली मुलगी असते.

ऐकणारा काय करू शकला?

बोलणे चांगले की वाईट, हे ठरविण्याची एक साधी कसोटी आहे. आवाज मोठा होता का, हातवारे होते का, सुभाषिते किती आली, हे प्रश्न दुय्यम होत. बोलणे ऐकून ऐकणारा काय करू शकला, हा मुख्य प्रश्न होय. वाट विचारणारा योग्य घरी पोहोचला, तर वाट सांगणारा चांगला बोलला. निरोप जसाच्या तसा पोहोचला, तर निरोप देणारा व नेणारा दोघेही चांगले बोलले.

या कसोटीचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या कीर्तनपरंपरेत सापडते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक विषय घेऊन त्याचे विवरण होते आणि उत्तररंगात तोच विषय एखाद्या आख्यानाने श्रोत्यांच्या मनात ठसविला जातो. एक विषय आणि त्याला पोषक अशी एक गोष्ट, ही मांडणी गावातील श्रोत्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीची आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी शाळेत शिक्षण घेतलेले नव्हते. तरीही त्यांच्या कीर्तनास हजारोंचा समुदाय जमत असे. ते लोकांच्या नित्याच्या वऱ्हाडी बोलीत बोलत, श्रोत्यांस प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत आणि मग पुढे जात. गावात आल्यावर आधी हाती खराटा घेऊन ते रस्ते झाडीत. त्यामुळे स्वच्छतेविषयी त्यांनी उच्चारलेला शब्द कोणासही पोकळ वाटत नसे. शिक्षकाने यातून तीन गोष्टी घ्याव्यात : श्रोत्याची भाषा, श्रोत्याचा सहभाग, आणि बोलणाराच्या कृतीचा आधार.

घरची बोली व शाळेची भाषा

मुले वर्गात बोलत नाहीत याचे सर्वांत मोठे कारण बुद्धीची उणीव हे नसून लाज हे असते. पहिलीतील मूल ‘पानी’ म्हणते आणि वर्ग हसतो. त्या दिवसापासून ते मूल तोंड उघडीत नाही. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या घरांतील मुलांची ही स्थिती, तर मेळघाटातील कोरकू व गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलांस तर शाळेची भाषाच नवी असते.

यास्तव एक नियम कटाक्षाने पाळावा. मूल बोलत असताना उच्चार सुधारण्यासाठी त्यास मध्येच थांबवू नये. त्याचे म्हणणे पूर्ण होऊ द्यावे, आधी आशयास उत्तर द्यावे, आणि त्या उत्तरातच तो शब्द प्रमाण रूपात सहज वापरावा. मूल म्हणाले, ‘आमच्या हिरीला पानी नाय’, तर शिक्षकाने विचारावे, ‘विहिरीला पाणी केव्हापासून नाही?’ मूल पुढे बोलते आणि प्रमाण रूपही त्याच्या कानी पडते. अर्ज लिहिताना, परीक्षेत, परगावी प्रमाणभाषा लागते आणि ती शाळेनेच द्यावयाची आहे, यात शंका नाही. पण घरची बोली काढून टाकून तिच्या जागी ती बसविता येत नाही. बोलीच्या आधारानेच ती वाढते.

वर्गातील हसणे थांबविणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. शिक्षक स्वतः बोलीची नक्कल करून कधीही हसला नाही, तर मुलेही फार दिवस हसत नाहीत.

इयत्तावार योजना

या कामास निराळी तासिका नको. परिपाठातील पाच मिनिटे व भाषेच्या तासातील दहा मिनिटे पुरतात. परिपाठात सुविचार, दिनविशेष व बातम्या सांगण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने द्यावी. हुशार मुलांची निवड करू नये. बातमी वृत्तपत्रातूनच आणावी असा आग्रह नसावा. ‘काल आमच्या गोठ्यात वासरू झाले’ हीही बातमीच आहे.

इयत्ता पहिली व दुसरी : मुलाने घरून एक वस्तू आणावी – भोवरा, कणीस, आजीची चंची, काहीही – आणि तीविषयी तीन वाक्ये सांगावीत. इतरांनी दोन प्रश्न विचारावेत. मूल उभे राहण्यास भीत असेल तर प्रथम शेजारच्या एका मुलास सांगावे, मग चौघांच्या गटास, नंतर वर्गास.

इयत्ता तिसरी व चौथी : कृती क्रमाने सांगणे. भाकरी कशी करतात, पाभरीने पेरणी कशी करतात, सायकलीचे पंक्चर कसे काढतात. एका मुलाने सांगावे व दुसऱ्याने केवळ त्या शब्दांवरून ती कृती अभिनयाने करावी. सांगणारा पाणी घालावयास विसरला तर करणाऱ्यानेही पाणी घालू नये. वर्गात हसू होते, पण ते माणसास न हसता चुकीस हसते, आणि क्रमाचे महत्त्व मुलांस कायमचे पटते.

इयत्ता पाचवी ते सातवी : यांस तीन उपक्रम द्यावेत. पहिला, निरोपाचा : चार तपशिलांचा एक निरोप पहिल्या मुलाच्या कानात सांगून पाचव्यापर्यंत पोहोचवावा आणि कोणता तपशील कोठे गळाला, हे फळ्यावर मांडावे. दुसरा, वाटेचा : एकाने शाळेपासून एखाद्या घरापर्यंतची वाट सांगावी, दुसऱ्याने पाठ फिरवून केवळ ऐकून जमिनीवर खडूने नकाशा काढावा. तिसरा, बालसभेचा : शाळेचा एखादा खरा प्रश्न घ्यावा, जसे हात धुण्याच्या नळाचा. प्रत्येकाने दोन मिनिटांत अडचण काय, तिचे कारण काय व काय करावे, एवढेच मांडावे. दुसऱ्याच्या मताचे उत्तर देण्यापूर्वी ते मत आपल्या शब्दांत सांगून ‘तुझे म्हणणे हेच ना?’ असे विचारण्याचा नियम असावा. या एका नियमाने भांडणे कमी होतात व ऐकण्याची सवय लागते.

वरच्या वर्गांत भाषण करावयाचे असल्यास ते संपूर्ण लिहून देऊ नये. मुलाने पहिले व शेवटचे वाक्य नीट ठरवावे आणि मधल्या मुद्द्यांचे चार शब्द चिठ्ठीवर लिहावेत. उभे राहिल्यावर एक श्वास घ्यावा, शेवटच्या ओळीतील मुलाकडे पाहावे आणि त्यास ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सावकाश बोलावे. पाय कापणे, घसा कोरडा पडणे हे स्वाभाविक आहे. मोठमोठ्या वक्त्यांसही ते होते, हे मुलांस आधीच सांगून ठेवावे.

शिक्षकाचे स्वतःचे बोलणे

मुले शिक्षकाच्या बोलण्यावरून बोलावयास शिकतात. म्हणून पालकसभेतील शिक्षकाचे बोलणेही याच कसोटीस उतरले पाहिजे. समजा, गावची शाळा सातवीपर्यंत आहे, माध्यमिक शाळा चार किलोमीटरवर आहे आणि दरवर्षी काही मुली सातवीनंतर घरी बसतात. अशा सभेत शिक्षणाचे महत्त्व या विषयावर अर्धा तास व्याख्यान दिल्यास पालक माना डोलावितात आणि जूनमध्ये मुली घरीच राहतात. शिक्षण चांगले, हे त्यांस अमान्य नसतेच. त्यांची अडचण निराळी असते.

ती अडचण जाणण्यासाठी सभेच्या आधी दोन-चार घरी जाऊन बसावे, आणि आयांशी बोलावे. तेथे कळते की भीती संध्याकाळच्या रस्त्याची आहे. शाळा पाचला सुटते व गाडी सहानंतर येते. मग सभेतील बोलणे आपोआप बदलते. ‘आपल्या पाच मुली यंदा आठवीत जाणार आहेत. ग्रामीण मुलींस शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. अडचण परतीच्या गाडीच्या वेळेची आहे. आगारप्रमुखांस द्यावयाचा अर्ज येथे लिहून आणला आहे. ज्यांस पटत असेल त्यांनी सही करावी, आणि गाडीची वेळ बदलेपर्यंत मुलींस आणण्यासाठी पालकांनी पाळी लावावी.’ हे बोलणे दोन मिनिटांचे आहे. त्यात अलंकार नाही. पण सभा उठताना पालकांच्या हाती करण्याजोगे काम आहे, आणि पाच मुलींचे पुढील शिक्षण त्यावर अवलंबून आहे.

सभेत एखादा पालक रागाने बोलला तर त्यास अडवू नये. त्याचे बोलणे संपल्यावर त्यातील खरा भाग आधी मान्य करावा आणि मग आपली बाजू मांडावी. ज्या सभेत शिक्षक ऐकतो, त्या सभेस पालक पुन्हा येतात.

स्वाध्याय

पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शिक्षकाने एक काम करावे. हजेरीपट समोर घेऊन एकेक नाव वाचावे आणि गेल्या महिन्यात ज्या मुलाने अगर मुलीने ‘हजर’ याखेरीज वर्गात काही म्हटल्याचे आठवत नाही, त्या नावापुढे पेन्सिलीने बारीक खूण करावी. खुणा केलेल्या मुलांपासून वरील योजनेस आरंभ करावा. महिन्याअखेर तोच हजेरीपट पुन्हा पाहावा, ज्यांचा आवाज ऐकू आला त्यांच्यापुढील खूण पुसावी, आणि उरलेल्या खुणांविषयी परिषदेत इतर शिक्षकांशी विचारविनिमय करावा.