मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

मुंबई व लंडन यांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. शाळेतील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरल्यास तो कॅस्पियन समुद्रावरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. भिंतीवरील सपाट नकाशावर मात्र तो वाकडा दिसतो. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनीव्हा येथे थांबून लंडनला गेले होते. आता मध्ये न थांबता साधारणतः नऊ ते दहा तास लागतात. परतीस वेळ कमी लागतो, कारण उंचावरील पश्चिमी वारे विमानास मागून रेटतात.

घोटाळा होतो तो वेळापत्रकामुळे. त्यात त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी ७ वाजता निघून साडेनऊ तास उडालेले विमान तेथे सकाळी ११ वाजता उतरते, आणि वाचणारा प्रवास चारच तासांचा समजतो! मधुमेही प्रवाशास हा गैरसमज महागात पडू शकतो. इन्शुलिनच्या दोन मात्रांमधील अंतर प्रत्यक्ष लोटलेल्या तासांवरून मोजावे लागते. म्हणून तिकीट हाती येताच उड्डाणाचे खरे तास काढावेत व ते डॉक्टरांना दाखवून मात्रांच्या वेळा ठरवून घ्याव्यात.