रजा हातात येईपर्यंत

फौजीच्या घरानं परदेशातल्या सहलीचा हिशेब मांडताना 'सगळ्यात स्वस्त काय पडेल' हे नंतर विचारावं. आधी विचारावं, 'ऐनवेळी रजा रद्द झाली तर यातले किती पैसे परत हातात येतील?' आमचे हे लष्करात आहेत. सासर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड बीड शहरात. आमच्या गल्लीतच सैन्यातली, सीआरपीएफमधली, बीएसएफमधली घरं आहेत, आणि त्यातली कितीतरी ऊसतोडीच्या घरांतून वर आलेली. ज्यांच्या आईबापांनी परमुलुख पाहिला तो कारखान्याच्या फडावर कोयता घेऊन, त्यांच्या नातवंडांना विमानात बसावंसं वाटतं आणि ते वाटायलाच हवं. पण महिन्याचा पगार नेमानं येणारं घर कुठलं, हे एजंटांनाही बरोबर कळतं.

२०२५च्या उन्हाळ्यात आम्ही दोन कुटुंबांनी मिळून नेपाळला जायचं ठरवलं. दुसरं कुटुंब ह्यांच्याच सोबत भरती झालेल्या मित्राचं. त्या वहिनींनी एका एजंटकडून पॅकेज घेतलं. विमान, हॉटेल, जेवण, गाडी सगळं एकरकमी. पूर्ण रक्कम आधी भरली तर सूट होती, म्हणून त्यांनी सगळी भरली. आमच्या सासूबाईंना विमानाची धास्ती. त्यामुळे आमचा बेत रेल्वेनं गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे नेपाळच्या बसनं, असा होता.

२२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. ७ मेच्या सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली तेव्हा मी कुरडयांसाठी चीक हाटत होते. हे सुट्टीवर घरीच होते. फोन आला, 'हो साहेब' एवढंच बोलणं झालं आणि ह्यांनी पाठीवरची पिठू खाली काढली. चीक पातेल्यात गार झाला. उत्तरेतले आणि पश्चिमेतले ३२ विमानतळ त्या दिवसांत बंद झाले होते, म्हणून हे रेल्वेनं निघाले. सासूबाईंनी कपाळाला अंगारा लावला, वैजनाथाचं नाव घेतलं आणि दारातच उभ्या राहिल्या. सहलीचा विषय त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघाला नाही, आणि निघणारही नव्हता.

पैशाचं गणित नंतर उलगडलं. आमची रेल्वेची तिकिटं स्लीपरची होती. तेव्हाच्या नियमानं गाडी सुटण्याच्या ४८ तासांहून आधी रद्द केली तर माणशी १२० रुपये कापून बाकीचे परत येत होते. ते आले. पोखऱ्याच्या हॉटेलात आधी पैसे भरलेलेच नव्हते. वहिनींच्या एजंटनं मात्र पावतीच्या मागची बारीक अक्षरातली ओळ दाखवली: कोणत्याही कारणानं प्रवास रद्द केल्यास रक्कम परत मिळणार नाही. चार माणसांचे, वर्षभर साठवलेले पैसे. आणि हे सगळं चालू असताना त्या माउलीचा जीव नवऱ्याच्या फोनकडे लागलेला.

त्याच काळात एअर इंडियानं जाहीर केलं की लष्करी सवलतीच्या भाड्यावर तिकीट काढलेल्या जवानांनी ३० जून २०२५पर्यंतचा प्रवास रद्द केला तर पूर्ण पैसे परत मिळतील. वहिनींच्या पॅकेजमधलं पुणे-दिल्लीचं तिकीट साध्या भाड्याचं होतं, एजंटनं गठ्ठ्यानं काढलेलं. तेच तिकीट सवलतीच्या भाड्यावर स्वतः काढलेलं असतं तर वेगळी गोष्ट झाली असती. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की देशातल्या टप्प्याचं विमान तिकीट पॅकेजमध्ये घालू देऊ नका. काही विमान कंपन्या देशातल्या मार्गांवर सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबाला वेगळं भाडं देतात. ते कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा आणि ओळखपत्र सोबत ठेवा. दोन-चारशे रुपयांनी महाग पडलं तरी चालेल, रद्द करायचा नियम तेवढा वाचून घ्या.

एजंटकडूनच जायचं असेल तर पावतीवर शाईनं लिहून घ्या, 'लष्करी कारणानं रजा रद्द झाल्यास अमुक टक्के रक्कम परत.' जो लिहून द्यायला तयार नाही त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नका. परदेशी पॅकेजवर टीसीएस नावाचा कर कापला जातो, तो पैसा आयकर विवरणपत्र भरून परत मागता येतो किंवा करात वळता करता येतो. त्याची नोंद पॅनवर झाली का ते तपासा. आणि पैसे अडकलेच तर रडत बसू नका. ग्राहकांसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. वहिनींनी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे एजंटनं हॉटेलचा काही भाग परत केला. सगळे पैसे आले नाहीत.

आता कागदपत्रांचं. हा भाग लोक हसण्यावारी नेतात आणि पाय इथेच अडकतो. नेपाळला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नोकरीतला जवान बहुधा 'सेवा मतदार' म्हणून नोंदलेला असतो आणि सेवा मतदाराला नेहमीसारखं मतदार कार्ड मिळत नाही. म्हणजे घरातल्या सगळ्यांकडे कार्ड, आणि ज्याच्या सुट्टीसाठी एवढा खटाटोप त्याच्याकडेच नाही. त्यानं पासपोर्ट काढलेलाच बरा. तोही युनिटला डावलून निघत नाही. खात्याचं ना हरकत पत्र किंवा पूर्वसूचना पत्र जोडावं लागतं. याला वेळ लागतो हे धरूनच चाला.

आधार कार्डाचं तसंच. नेपाळ आणि भूतानसाठी आधार फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना चालतं. आमच्या सासूबाईंचं वय सत्तरीला टेकलेलं, पण आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि वर्ष असं की त्या साठीच्याही आत निघाल्या. त्यांच्या पिढीत जन्माचे दाखले कुणी काढले? शिबिरातल्या मुलानं अंदाजानं आकडा टाकला, तोच कायम झाला. मग त्यांचं मतदार कार्ड शोधलं, तर त्यावरच्या नावाला 'बाई' जोडलेलं आणि आधारवर नाही. ती दुरुस्ती करून घेतली तेव्हा निश्चिंत झालो. १५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र चालतं. ते उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत घ्या, नाहीतर मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात.

बायकांनी आणखी एक तपासावं. नवऱ्याच्या सेवा नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, आपलं नाव कसं लिहिलंय? माहेरचं, सासरचं, की नुसतं 'श्रीमती' लावून एकच नाव? पासपोर्ट काढताना, पुढे पेन्शनला, सगळीकडे याच नोंदीशी ताळा घालतात. आणि मुलांच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते, त्यामुळे हे सुट्टीवर असतानाच सह्या उरकून घ्या. पासपोर्ट केंद्राची तारीख मग तुम्ही एकट्यानंही सांभाळू शकता.

परवानगीबद्दल एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे: नेपाळला व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, मग खात्याला कशाला विचारायचं? विचारावंच लागतं. नोकरीतल्या जवानाला खासगी कामासाठी देशाबाहेर जायचं तर, मग तो देश नेपाळ असो की थायलंड, आधी खात्याची मंजुरी हवी. अर्ज युनिटमधून वर जातो. कुठे, कधी, कशासाठी, पैसे कुठून, सगळं त्यात लिहायचं असतं. साधी रजा मंजूर आहे म्हणजे ही मंजुरी मिळाली असं नाही. अर्धसैनिक दलांतही परवानगी लागतेच. मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत परत न मिळणारा एक रुपयाही कुठे गुंतवू नका. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तशीही घाई करून फार काही मिळत नाही.

एलटीसीवर, म्हणजे रजा प्रवास सवलतीवर, परदेश होत नाही, हेही ठाऊक असू द्या. ती सवलत भारतातल्या प्रवासापुरतीच आहे. देशातलं ठिकाण दाखवून मधेच परदेशाला वळसा घातलेल्या प्रकरणात त्या पैशावर करसवलत मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२मध्ये स्टेट बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलं. कुणी 'बिलं जुळवून देतो' म्हणाला तर त्याच्या दारात उभं राहू नका. नोकरीवर बेतेल.

देश निवडताना माझी कसोटी एकच आहे. बोलावणं आलं तर ह्यांना तिथून लगोलग निघून युनिटच्या वाटेला लागता आलं पाहिजे. थायलंड, व्हिएतनाम ऐकायला स्वस्त वाटतात, पण तिथून चार जणांची ऐनवेळची परतीची तिकिटं काढायची म्हणजे सहलीहून जास्त खर्च. भूतान जवळ आहे, शांत आहे, पण तिथे भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क आहे. ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं. चार मोठी माणसं असली तर रोजचे ४८०० रुपये नुसते शुल्कात, हॉटेल-जेवण वेगळंच. नेपाळमधून मात्र सीमा पायी ओलांडून येता येते. तिथला रुपयाचा दरही ठरलेला आहे: आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे. पैसे बदलताना फसवणुकीला त्यामुळे जागा कमी. आम्ही गेलो तेव्हा शंभराच्या नोटाच नेल्या, कारण २०१८मध्ये नेपाळनं आपल्या मोठ्या नोटांवर बंदी घातली होती. ते नियम बदलत राहतात, निघण्याआधी विचारून घ्या. यूपीआयनं बऱ्याच दुकानांत पैसे देता येतात, पण डोंगरातल्या चहाच्या टपरीवर नोटच लागते.

हो, आम्ही शेवटी गेलो, त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत. त्याआधी सप्टेंबरमध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, विमानतळ बंद पडला, पर्यटक अडकले. आमचं काहीच आगाऊ भरलेलं नव्हतं, म्हणून शांतपणे वाट पाहता आली. १७ सप्टेंबरला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली होती. जिल्ह्यानं कित्येक दशकं जिची वाट पाहिली त्या रेल्वेनं सासूबाई पहिल्यांदा निघाल्या, त्याही पशुपतिनाथाला! पुढे मनमाड, तिथून गोरखपूर.

पावसाळ्यात मात्र नेपाळच्या रस्त्यांवर जाऊ नये. २३ ऑगस्ट २०२४ला आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि पंचवीसहून जास्त माणसं गेली. तो रस्ता आम्ही ऑक्टोबरमध्ये पाहिला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खळाळती नदी. स्वस्तात मिळतेय म्हणून रात्रीची बस घेऊ नका, आणि थकलेल्या ड्रायव्हरला विश्रांती घ्यायला लावायची लाज बाळगू नका.

मुक्तिनाथला हे आणि मुलं गेली, सासूबाईंना मी पोखऱ्यातच थांबवलं. तीन हजार सातशे मीटरच्या वर श्वास लागतो. मुक्तिनाथाच्या देवळात जनरल बिपिन रावत यांच्या स्मरणार्थ आपल्या माजी लष्करप्रमुखांनी २०२३मध्ये मोठी घंटा अर्पण केली आहे. मुलांनी ती वाजवल्याचं मला फोनवर ऐकवलं. पोखऱ्यात भारतीय लष्कराचं पेन्शन वाटपाचं कार्यालय आहे, त्यामुळे आपल्या गोरखा पलटणींतून निवृत्त झालेली माणसं तिथे बाजारात सहज भेटतात. अशाच एका आजोबांनी हिंदीत सासूबाईंना विचारलं, 'माँजी, बेटा फौज में?' दोघं बराच वेळ बोलत बसले. त्यांचं हिंदी नेपाळी वळणाचं, सासूबाईंचं आष्टीचं, पण दोघांचं अडलं काही नाही.

ह्यांचा फोन मात्र सगळे दिवस रोमिंगवर चालू ठेवला होता. रोमिंगचे पैसे वाचवू नका. युनिटला हॉटेलचा पत्ता आणि नंबर दिलेला असू द्या. फोटो घरी परतल्यावर टाकावेत, आणि त्यात गणवेश, ओळखपत्र, पोस्टिंगचं ठिकाण काही नको. प्रवास विमा काढा, लष्करी रुग्णालयाच्या कार्डाच्या भरवशावर सीमेपलीकडे जाऊ नका. विम्यात रजा रद्द झाल्याची भरपाई आहे का, हे विचारून घ्या. बहुतेकांत ती नसते.

आता आमच्या शेजारच्या वहिनींनी, ज्यांचे मिस्टर सीआरपीएफमध्ये आहेत, येत्या उन्हाळ्याचा विषय काढलाय. त्यांच्या मोबाईलवर कुठल्यातरी एजंटची ऑफर आलेली, आजच्या आज भरा तर दहा टक्के कमी. मी म्हटलं, वहिनी, ते राहू द्या. आधी सासऱ्यांच्या मतदार कार्डावरचं नाव बघू, आणि भाऊजींना फोन करून परवानगीचा अर्ज टाकायला सांगा.