पाठीवरचे ओझे : काय उतरवावे, काय उतरवू नये

गडावर एका रात्रीच्या मुक्कामाला निघताना सॅक दहा-बारा किलोंची भरली, तर त्यात अनेकांना वावगे वाटत नाही. परंतु खांदे, कंबर आणि विशेषतः गुडघे यांच्या बाजूने विचार केला, तर हे ओझे अटळही नसते आणि निरुपद्रवीही नसते. त्यामुळे अतिहलक्या साहित्याकडे, म्हणजे ज्याला ट्रेकर मंडळी ‘अल्ट्रालाइट’ म्हणतात त्या पद्धतीकडे, वळण्याचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या स्वागतार्ह आहे; मात्र वजन सामानातून उतरले पाहिजे, शरीराच्या संरक्षणातून नव्हे, ही त्याची मुख्य अट होय.

मूळ वजन म्हणजे काय?

या पद्धतीतील सारा हिशेब मूळ वजनावर चालतो. अन्न, पाणी आणि इंधन या वाटेत संपत जाणाऱ्या गोष्टी तसेच अंगावरचे कपडे वगळून, सॅक आणि तिच्यातील उरलेल्या सर्व सामानाचे जे वजन भरते त्याला मूळ वजन म्हणतात. ते सुमारे नऊ किलोंच्या आत असल्यास साहित्य हलके आणि साडेचार किलोंच्या आत असल्यास अतिहलके समजले जाते. या विचाराला आजचे रूप आले ते अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या पायवाटांवर. तेथे १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड यांनी अ‍ॅपलेशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट तंबू आणि स्लीपिंग बॅग न घेता, घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकून पूर्ण केली, आणि पुढे १९९०च्या दशकात रे जार्डिन यांनी आपल्या लेखनातून या विचाराला पद्धतशीर स्वरूप दिले. एका वस्तूकडून अनेक कामे करून घेणे हे त्यामागचे सूत्र सह्याद्रीलाही अपरिचित नाही, कारण धनगराच्या खांद्यावरची घोंगडी अंथरूण, पांघरूण आणि पावसातली खोळ अशा तिन्ही कामी येत आली आहे.

ओझ्याचा शरीरावर होणारा परिणाम

जड सॅकचे पट्टे खांद्यात रुतले की मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्यावर दाब पडतो. त्यामुळे हाताला मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो, आणि दाब बराच काळ राहिल्यास दंड उचलण्याची ताकदही काही दिवस वा आठवडे कमी होऊ शकते. कमरेचा पट्टा फार घट्ट आवळल्यास मांडीच्या बाहेरील बाजूची संवेदना वाहून नेणारी नस दबते आणि तेथील त्वचा बधिर होते किंवा तिची आग होते. या दोन्ही तक्रारी बहुधा आपोआप बऱ्या होतात, तथापि विश्रांतीनंतरही अशक्तपणा टिकून राहिल्यास तपासणी करून घेणे आवश्यक असते.

गुडघ्यांची खरी परीक्षा चढताना नव्हे तर उतरताना होते. पायऱ्या उतरताना गुडघ्याची वाटी आणि तिच्यामागील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, यांच्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक दाब येऊ शकतो, आणि पाठीवरचे वजन त्या हिशेबात शरीराच्या वजनासारखेच मिळवले जाते. त्याच वेळी मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराला आवर घालत असतात. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, आणि म्हणूनच कळसूबाईच्या शिड्या किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सर्वाधिक दुखतात. दमलेल्या स्नायूंचा तोल चटकन जातो आणि पाय मुरगळतो. त्यामुळे सॅकमधून कमी झालेला प्रत्येक किलो हा अपघात टाळण्याचाही उपाय ठरतो. दोन ट्रेकिंग पोल घेतल्यास उतरतानाचा काही भार हातांकडे जातो, आणि म्हणून ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी वजन कमी करण्याच्या नादात पोल वगळू नयेत.

बदल कोणत्या क्रमाने करावा?

प्रथम स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर प्रत्येक वस्तू तोलून तिचे वजन लिहून काढावे, कारण अंदाज नेहमी फसवा असतो. बहुतेकांच्या यादीत सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग या तीन वस्तूंचाच वाटा सर्वांत मोठा निघतो. उदाहरणादाखल, सव्वादोन किलोंची सॅक, एकट्याने वाहिलेला तीन किलोंचा तंबू आणि पावणेदोन किलोंची स्लीपिंग बॅग मिळून सात किलो होतात. त्यांच्या जागी ९०० ग्रॅमची सॅक, दोघांनी वाटून घेतलेल्या दीड किलोच्या तंबूचा निम्मा भाग आणि ८०० ग्रॅमची स्लीपिंग बॅग आल्यास हेच वजन अडीच किलोंच्या आत येते. पुष्कळ सामान तर काही विकत न घेताही कमी होते: जाड जीन्स, कपड्यांचा तिसरा जोड, काचेच्या बाटल्या आणि प्रत्येकाने स्वतंत्र आणलेली पातेली घरीच ठेवता येतात.

सॅक मात्र सर्वांत शेवटी बदलावी. अतिहलक्या सॅकमध्ये पाठीचा ताठ सांगाडा आणि जाड कंबरपट्टा बहुधा नसतो, त्यामुळे तिच्यात जुनेच जड सामान भरल्यास सारा भार कमरेकडे न जाता खांद्यांवर लोंबकळतो आणि वर सांगितलेले चेतातंतूंचे त्रास वाढतात. बुटांच्या बाबतीतही हळूहळू पुढे जाणे हिताचे असते. पायातील वजन वाहण्यास पाठीवरील तेवढ्याच वजनापेक्षा कित्येक पट अधिक ऊर्जा खर्ची पडते, त्यामुळे हलक्या बुटांचा लाभ मोठा आहे; परंतु उंच, कडक बुटांची सवय असलेल्या पावलांना आणि पोटऱ्यांना नवा भार पेलण्यासाठी काही आठवडे लागतात, म्हणून ते आधी रोजच्या चालण्यात आणि मग छोट्या टेकड्यांवर वापरावेत.

अन्नाचे वजन कमी करताना उपाशी राहणे हा मार्ग नव्हे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी असतात, तर तेवढ्याच कच्च्या बटाट्यांत ८०च्या आसपास, कारण बटाट्याच्या वजनात बहुतांश पाणीच असते. त्यामुळे खिचडीसाठी किलोभर कांदे-बटाटे वर नेण्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की, खजूर, सातूचे पीठ आणि भाजके पोहे नेणे अधिक शहाणपणाचे.

काय उतरवू नये?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि म्हणूनच सर्वांत आधी काट मारण्याचा मोह पाण्यावरच होतो. प्रत्यक्षात तीच सर्वांत घातक काटछाट असते. गडांवरील कातळात खोदलेली टाकी उन्हाळ्यात आटतात किंवा त्यांतील पाणी पिण्याजोगे राहत नाही, त्यामुळे पाण्याची खात्रीची माहिती नसल्यास दिवसाला माणशी तीन-चार लिटरांची सोय हवी, आणि टाक्यातील पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, पाकिटावर दिलेला वेळ थांबूनच प्यावे. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, एका लिटरची पुडी केवळ २०.५ ग्रॅमची असते. एवढ्या वजनासाठी ती वगळणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. उन्हात चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने मदत मागवावी. शुद्ध नसताना तोंडाने पाणी पाजू नये.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात धोका उलट दिशेने येतो. भिजलेला सुती कपडा आणि कड्यावरचा वारा एकत्र आले की शरीर वेगाने उष्णता गमावते, आणि आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेल्यास थरथर, अडखळते बोलणे आणि गोंधळलेपण दिसू लागते. म्हणून पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड कधीही वगळू नये. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाल्यावर ऊब देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्याचप्रमाणे गुहेतील कातळ अंगाची उष्णता शोषून घेत असल्याने कॅरीमॅट ही चैन नसून गरज आहे.

तंबूऐवजी नुसती ताडपत्री ताणून झोपण्याची रीत परदेशी पुस्तकांत सुचवलेली असते, परंतु येथे तिच्यात एक वेगळा धोका आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करू शकते. तो दंश बहुधा फारसा दुखत नाही, सूज येत नाही आणि दातांच्या खुणाही क्वचितच दिसतात. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास अडतो. तळ आणि जाळी असलेला बंदिस्त तंबू, किंवा निदान अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, यांचे काही शे ग्रॅम म्हणूनच वाहून न्यावेत. दंशाची शंका आल्यास जखम कापू वा आवळून बांधू नये, तर रुग्णाला कमीत कमी हालवून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात पोचवावे. हेडटॉर्च, शिटी, क्रेप बँडेज आणि नेहमीची औषधेही यादीत कायम राहावीत. शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो, त्यामुळे त्या सर्रास घेऊ नयेत.

कोणी विशेष जपावे?

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याची झीज असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन निघावे, आणि इन्सुलिन वापरणाऱ्यांनी ते उन्हात तापणार नाही अशी व्यवस्था करून ग्लुकोज खिशात ठेवावे. इतर सर्वांसाठी घरच्या घरी करता येण्याजोगी एक चाचणी पुरेशी आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी पाण्यासह पूर्ण भरलेली सॅक पाठीवर घेऊन इमारतीचे जिने अर्धा तास चढावेत आणि उतरावेत. हातांना मुंग्या आल्या, मांडी बधिर झाली किंवा वाटीमागे दुखू लागले, तर सॅक उघडून एकेक वस्तू पुन्हा काट्यावर ठेवावी, आणि त्या वेळी पाण्याची बाटली मात्र बाजूला काढू नये.