कुणी केलं, हे विचारू नकोस

चिखली



तुझं पत्र मिळालं. ऑफिसातली ती बाई रोज तुझ्या कामाला, माहेराला नावं ठेवते. घरी आलं की तुला जेवण जात नाही, रात्र रात्र डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, "बाहेरचं आहे, होळीला सैलानीला नेऊ." त्यांची माया खरी आहे. मला धास्ती वाटते ती 'बाहेरचं' म्हटल्यावर पुढे जे सुरू होतं त्याची.

पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या धर्मांची माणसं येतात, नारळांची होळी पेटते. माथा टेकायला तू खुशाल जा. पण तिथे काय किंवा आणखी कुठे काय, "हिच्यावर कुणी केलं?" असं विचारणाऱ्यापुढे बसू नकोस. त्या प्रश्नाला जाऊ, नणंद, एकटी राहणारी शेजारीण, असं कुणाचं तरी नाव हमखास निघतं. मग एका बाईचं दुखणं दुसरीच्या जिवावर बेततं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाल्यावर निघाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीनं बांधणं, कुणाला करणी करणारी ठरवून छळणं, याला आता सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. हे घरात सगळ्यांना सांग.

त्या बाईच्या अंगात कसली शक्ती नाही, जीभ वाईट आहे एवढंच. तिच्याशी कामापुरतं बोल, डबा दुसऱ्यांबरोबर खा. माहेरावर घसरली तर चारचौघांत, आवाज न चढवता सांग, "हे मला चालणार नाही." उलट टोमणा मारू नकोस, तिची सवय तुला लागेल.

गजानन महाराजांच्या 'गजानन विजय' पोथीचं पारायण जरूर कर. मात्र तिची नजर लागू नये म्हणून अध्याय मोजत बसलीस, तर पोथी वाचतानाही मनात तीच राहील. त्यापेक्षा शेगावला महाराजांच्या मंदिरात सेवेला जाऊ. तिथले सेवेकरी काम करताना पाहिलेस ना? तसल्या माणसांत काही वेळ राहा.

आणि झोपेचं अंगावर काढू नकोस. 14416 वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन कर. रात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. सासूबाईंशी मी बोलते. बुलढाण्याला मानसोपचार डॉक्टरांकडे मी बरोबर येईन, तुला सुट्टी कधी आहे तेवढं कळव.

तुझी मावशी