खच्ची केलेला गोऱ्हा गाईंच्या सोबतीस केव्हा व कसा सोडावा

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, कारंजा व आष्टी या तालुक्यांचा डोंगराळ, गवताळ भाग हे गवळाऊ गुरांचे माहेर होय. पांढरा वा राखी रंग, लांबट निमुळते डोके, हलके अंग आणि चपळ पाय ही या जातीची ओळख. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथील शासकीय प्रक्षेत्र याच जातीच्या संवर्धनासाठी आहे. परंतु जातीची निगा केवळ प्रक्षेत्रावर राखली जात नाही. ती प्रत्येकाच्या कोठ्यात आणि गावाच्या आखरावरही राखावी लागते. तेथे नेहमी घडणारी एक चूक शेतकरी बंधूंच्या व ग्रामसेवकांच्या नजरेस आणावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत खच्ची न करण्याचा प्रघात आहे. मान व वशिंड चांगले भरावे, बैल अंगापिंडाने जोरकस निघावा, ही त्यामागील समजूत. तोवर गोऱ्हा कधीच वयात आलेला असतो. पुढे एखाद्या दिवशी तो दवाखान्यात नेऊन खच्ची केला जातो आणि संध्याकाळी पूर्वीच्याच खुंट्यास, आपल्या आईच्या व बहिणींच्या शेजारी बांधला जातो. ‘आता भीती नाही’ असे धनी समजतो. भीती असते ती नेमकी याच पुढील काही आठवड्यांत.

याचे कारण समजून घेणे अवघड नाही. पशुवैद्यक बर्डिझो चिमट्याने वृषणाकडे जाणारा रज्जू कातडीवरूनच दाबून चिरडतात. रक्त निघत नाही, जखम होत नाही. मात्र वृषणाचा रक्तपुरवठा बंद पडून तो हळूहळू वाळू लागतो. नवे बीज तयार होणे थांबले, तरी आधीच तयार होऊन पुढील नळ्यांत साठलेले बीज त्याच दिवशी नाहीसे होत नाही. असा गोऱ्हा माजावर आलेल्या कालवडीवर चढला तर ती गाभण राहू शकते. म्हणून खच्ची केल्यापासून किमान सहा आठवडे, आणि शक्य तर पुरते दोन महिने, त्यास माद्यांपासून वेगळे ठेवावे. मार्गशीर्षात खच्ची केलेला गोऱ्हा माघापर्यंत वेगळा राहिला पाहिजे, असा सोपा हिशेब ध्यानात ठेवावा. हिवाळा या कामास बराही असतो. माशांचा उपद्रव कमी आणि शेतीची घाईही ओसरलेली.

दुसरी गोष्ट चिमट्याच्या कामाविषयी. कधी कधी एका बाजूचा रज्जू चिमट्यातून निसटतो. पहिले काही दिवस दोन्ही बाजूंस सूज असल्यामुळे ही चूक ध्यानी येत नाही. सहा आठवड्यांनी मात्र हाताने चाचपून पाहिल्यास कळते. दोन्ही वृषण आक्रसून लहान झाले असतील तर काम पुरे झाले. एक बाजू पूर्वीसारखीच भरीव लागली तर तो गोऱ्हा अजून वळूच आहे. त्यास पुन्हा दवाखान्यात न्यावे. ही तपासणी न करता गोऱ्हा कळपात सोडणे म्हणजे सर्व खटाटोप वाया घालविणे होय. दगडाने ठेचण्याची जुनी, क्रूर रीत कोठे चालू असल्यास ती ताबडतोब बंद करावी. 2023 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून, भूल देऊनच व्हावयास हवे.

आता सोबतीस सोडण्याविषयी. दोन महिने दूर राहिलेला गोऱ्हा गाईंना परका वाटतो. आपला मान कोणाच्या खाली व कोणाच्या वर, हे गुरे शिंगांनी ठरवितात, आणि अरुंद कोठ्यात दुबळ्या जनावरास पळावयास वाव नसतो. यास्तव पहिले चार-सहा दिवस त्यास गाईंच्या नजरेच्या टप्प्यात, पण शिंग पोहोचणार नाही इतक्या अंतरावर बांधावे. एकमेकांचा वास व आवाज ओळखीचा होऊ द्यावा. नंतर दुपारी, चारा-पाणी झाल्यावर, मोकळ्या रानात एकत्र सोडावे. उपाशी जनावरे वैरणीवरून अधिक भांडतात. थोडी ढकलाढकली होईल, ती होऊ द्यावी. रक्त निघेपर्यंत झुंज चालली किंवा एखादी कालवड सारखी पळविली जाऊ लागली, तरच मध्ये पडावे. गव्हाण वेगळी ठेवावी.

उशिरा खच्ची केलेल्या गोऱ्ह्यास चढण्याची खोड काही काळ राहते. तीमुळे गर्भ राहत नसला तरी लहान कालवडीची कंबर दुखावते. कोणी मादी माजावर असेल त्या दिवशी त्यास सोडू नये. माज बहुधा एका दिवसात ओसरतो आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमारास परत येतो, तेव्हा ही तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवणे कठीण नाही.

हा नियम गाई-बैलांपुरताच नाही. प्रयोगशाळांमुळे नावाने परिचित झालेला आणि आता शहरांत हौसेने पाळला जाणारा गिनीपिग हा चिमुकला प्राणी घ्या. त्याच्या नरासही खच्ची केल्यावर काही आठवडे दूर ठेवून, मग दोघांनाही नवख्या असलेल्या जागी मादीशी भेटवितात. खाण्याची भांडीही दोन मांडतात. बोकडाची गोष्टही तीच. शेळीची पाठ तर चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, म्हणून तेथे अधिक जपावे.

इतके करूनही चूक घडलीच आणि कोवळी कालवड लागली, तर लपवू नये. तारीख टिपून पशुवैद्यकास त्याच आठवड्यात कळवावे. वेळेत कळल्यास इंजेक्शनाने गर्भ टाळता येतो. उशीर झाल्यास अडीच-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी, आणि गाभण ठरल्यास नऊ महिने नऊ दिवसांच्या हिशेबाने विण्याचा दिवस काढून त्या सुमारास रात्री कोणीतरी कोठ्यात निजावे. कारण अपुऱ्या वाढीच्या कालवडीचे वासरू अडते ते बहुधा अशाच अवेळी.