वेगळी की परकी? : एका प्रश्नावलीचा अनुवाद करताना

गेल्या सत्रात मानसशास्त्राच्या एका मैत्रिणीने सरावासाठी माझ्याकडे एक इंग्रजी प्रश्नावली अनुवादाला दिली. मी साहित्याचा विद्यार्थी. वाटलं, तासाभराचं काम. दोन आठवडे लागले.

एडना फोआ, अँके एलर्स, डेव्हिड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. अपघात, अत्याचार असा आघात झाल्यावर मनात कोणत्या नकारात्मक समजुती घर करतात, हे ती मोजते. ३३ विधानं : २१ स्वतःविषयी, ७ जगाविषयी, ५ स्वतःला दोष देण्याविषयी. प्रत्येकाशी आपण किती सहमत, ते १ ते ७ मध्ये सांगायचं आणि गटागटाची सरासरी काढायची.

जगाविषयीची विधानं भराभर झाली. अडलो ‘स्वतः’पाशी. एका ठिकाणी मी ऐटीत ‘माझं नशीबच फुटकं’ लिहिलं. दुसऱ्या मित्राने ते परत इंग्रजीत नेलं, तर मूळ विधानातली स्वतःची कमतरता गायब आणि दोष नशिबावर! मराठी छान, मोजमाप भलतंच.

दोषाच्या विधानांचंही तसंच. आम्ही दर रविवारी मिस्सेत छातीवर हात मारून आपला अपराध कबूल करतो. तो काही आजार नव्हे. हा गट बाकी दोन गटांइतका आजाराशी जुळत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलंही आहे.

पण खरी मेख पुढंच आहे. लॉरा जॉब्सन आणि रिचर्ड ओ’कर्नी यांच्या २००९ च्या अभ्यासात, स्वतंत्र ‘मी’ मानणाऱ्या संस्कृतींत आजारी पडलेले आणि न पडलेले यांच्यात मनोमन हार मानणं, कायमचं बदलून जाणं, तुटलेपण अशा कितीतरी बाबतींत फरक होता. नात्यागोत्यात ‘मी’ शोधणाऱ्या संस्कृतींत फरक दिसला तो फक्त तुटलेपणात.

मला आजी आठवली. काका अपघातात गेल्यावर ‘मी नालायक’ असं ती कधी म्हणाली नाही. लग्नाकार्याला जाणं मात्र बंद केलं. एकवीस विधानांत तुटलेपणाला थेट हात घालणारं विधान जेमतेम. तिथं तिनं ७ दिले असते, बाकी १, २. सरासरी बघून कुणीही म्हणालं असतं, आजी ठीक आहेत. ती ठीक नव्हती.

ते एक विधान मी तिलाच वाचून दाखवलं : ‘माणसांत असूनही मी वेगळी पडले आहे.’

“वेगळी न्हवं रे बाळा,” ती म्हणाली, “परकी लिही.”

लिहिलं.